सासूबाईंचा पास

माझ्या साडूइतका डोक्यात जाणारा माणूस अख्ख्या वॉशिंग्टन राज्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर तोही माझाच कुणीतरी नातेवाईक निघेल. बॉथेलमध्ये आमच्यापासून दोन सिग्नल पुढे राहतो. सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअरमधले बग पकडतो आणि शनिवार-रविवारी डोंगरावरच्या स्की रिसॉर्टमध्ये माणसं. तिथे लिफ्टच्या तोंडाशी गळ्यात स्कॅनर अडकवून उभा असतो. पास स्कॅन केला की पडद्यावर मालकाचा फोटो येतो, आणि एकाच्या पासवर दुसराच घुसत असला की हा त्याचं मानगूट धरतो. बरं, पोटासाठी करतो म्हणावं तर तसंही नाही. हौस! लोक हौसेने बासरी शिकतात, अंगणात टोमॅटो लावतात. आमचा साडू हौसेने लोकांना पकडतो.

ही खोड त्याला डोंगरावर लागली असं नाही, मुळातलीच आहे. मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत कुपनं तपासायला याला कुणी बसवलं देव जाणे. लहान मुलाच्या कुपनावर जेवायला आलेल्या खुद्द अध्यक्षांना याने वाढलेल्या ताटासकट रांगेबाहेर काढलं आणि वर विचारलं, "काका, तुम्ही दहाच्या आतले का?" त्या दिवशी मंडळात दोन गट पडले, ते अजून पडलेलेच आहेत. डोंगरावर तर याला रानच मोकळं. त्याचं म्हणे शास्त्र आहे. "ज्याचा पास स्वतःचा असतो ना, तो वैतागलेला असतो," तो मला शिकवतो, "खिसे चाचपतो, बायकोवर खेकसतो. उसन्या पासवाला गोड हसतो. हसला की धरायचा." कधी एखाद्याला खुशाल आत सोडतो आणि चार पावलं गेला की पासवरच्या नावाने हाक मारतो, "ए मंदार!" खरा मंदार वळला असता. हा बिचारा सरळ चालत राहतो, कारण मंदार घरी झोपलेला. असे सापडलेले निम्मे लोक आमच्याच ओळखीचे, त्यामुळे आम्हाला जेवायला बोलावणारी घरं दर हिवाळ्यात कमी होत चालली आहेत. "अरे यार, सोडून दे की एखाद्याला," म्हटलं तर म्हणतो, "पास म्हणजे चेहरा. चेहरा कुणी उसना देतं का?" असा संताप येतो म्हणून सांगू!

पण हे सगळं मी गिळलं असतं. गेल्या वर्षीचं मात्र गिळवत नाही.

आमच्या सासूबाई, म्हणजे त्याच्याही, साताऱ्याहून आल्या होत्या. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर पांढऱ्या खडूने बर्फाची शिखरं काढून काढून बोटं झिजली, पण खरं शिखर काही पाहिलं नव्हतं. मुक्कामभर मागणं एकच, "तो रेनियर पर्वत एकदा समोरून बघायचाय हो." आणि मुक्कामभर नुसते ढग. सोमवारी त्यांचं विमान, आणि शनिवारी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ! बंद डब्याच्या लिफ्टने वर गेलं की शिखर थेट समोर. पण दिवसाची तिकिटं संपलेली. इकडे माझी मुलगी तापाने घरात पडलेली आणि तिचा सीझन पास जॅकेटच्या खिशात फुकट चाललेला. आता आपल्या माणसांत पैसे भरलेली वस्तू कुणी वाया घालवतं का? ते जॅकेट मी सासूबाईंना चढवलं आणि रांगेत उभं केलं. म्हटलं, लिफ्टपाशी घरचाच माणूस आहे, चिंता नाही.

घरचा माणूस! त्याने सासूबाईंकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर दातांना तारा लावलेली माझी तेरा वर्षांची पोरगी. आणि हा गाढव स्वतःच्या सासूला इंग्रजीत विचारतो, "मॅम, इज धिस यू?" सासूबाईंनी चष्मा वर करून फोटो नीट न्याहाळला आणि म्हणाल्या, "नाक माझंच आहे." मागची रांग थांबलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलेली. मी म्हणालो, "अरे, परवा जाणार आहेत त्या!" तर मान खाली घालून म्हणाला, "मला माहितीय. आई, प्लीज बाजूला व्हा." पास सीझनभरासाठी रद्द. दुपारी सुट्टी झाल्यावर खाली बाकावर बसून याने त्यांना आपल्या डब्यातलं थालीपीठ खायला दिलं, आणि त्यांनी ते मिटक्या मारत खाल्लं, याचा मला आणखी राग आला. परतताना गाडीत मी त्याच्या नावाने शिव्या घालत होतो, तर सासूबाई म्हणतात, "मीही सख्ख्या भाच्याला कॉपी करताना पकडलं होतं हो." कपाळ माझं! रेनियर न बघता त्या गेल्या. गेल्यावर दोन महिन्यांत हृदयाचं ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी विमानप्रवास कायमचा बंद केला. मी साडूशी बोलणं सोडलं. पोरगी मात्र शांत. "बाबा, ही वॉज राइट," म्हणाली. घरातच फितुरी!

या हिवाळ्यात तिच्याबरोबर एका रविवारी वर गेलो. दुपार कलली होती, समोर रेनियर लख्ख उभा. कठड्यापाशी पाठमोरा साडू दिसला. ड्युटी संपलेली, हातमोजा काढलेला, थंडीने लाल झालेल्या हातात फोन शिखराकडे धरलेला. फोनमधून आवाज आला, "हलवू नका हो, थरथरतंय सगळं." आभाळ उघडं असलं की दर रविवारी याचं हेच चालतं, असं मागाहून कळलं. माझ्या बायकोला ठाऊक होतं. माझ्यापासून लपवलं, कारण मी ओरडलो असतो. ओरडलोच असतो.

"आजी!" पोरगी धावली. मला पाहून तो चाचरला. त्याची बोटं बधिर झाली होती, म्हणून फोन मी घेतला. दुसरं काही नाही. साताऱ्यात अजून उजाडायचं होतं. ट्यूबलाइटखाली शाल पांघरून, हातात चहाची बशी घेऊन त्या बसल्या होत्या, खूप वाळलेल्या. आता त्यांना बरं वाटावं म्हणून मी साडूच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघांचे चेहरे दिसतील असा फोन वळवला.

"आई, बघा, आम्ही दोघं!"

"बघितलं हो," त्या म्हणाल्या, "आता बाजूला व्हा बरं दोघंही. मागचा डोंगर झाकला जातोय."

आम्ही दोघंही बाजूला झालो.