केकमधला दुधी

गंगापूर रोडला मुलाकडे राहायला गेले, तर सून पालक आणि दुधी मिक्सरमधून काढून चॉकलेटमध्ये कालवत होती. तो लगदा अगदी शेणासारखा दिसत होता.

"आई, तुमच्या नातीला सांगू नका हं. केक म्हणून खाते," सून म्हणाली.

एकदा नातीच्या दाताखाली दुधीची बी आली आणि चोरी कळली. मग ती पोळीसुद्धा उलगडून हुंगायला लागली. पोटभर जेवेना.

शेवटी मी तिलाच मेथी निवडायला बसवलं आणि तिच्यासमोर लसणावर परतली.

"आजी, ह्यात काय लपवलंय?"

"काही नाही. मेथी आहे. कडू लागते."

तिनं तोंड वाकडं करत घास गिळला, मग दुसरा घेतला. फ्रीजमधला केक मी नाक दाबून कचऱ्यात टाकला.