यादीतून काढलेलं नाव

माझ्या वडिलांचं अर्धं अंग तीन वर्षांपूर्वी गेलं. त्याच दिवशी वाचाही गेली. उरला डावा हात, दोन डोळे, दोन कान आणि मी. प्राथमिक शाळेतली नोकरी मी मुदतीआधीच सोडली आणि मुर्री गावातल्या आमच्या दोन खोल्यांत दर दोन तासांनी वाजणाऱ्या मोबाईलच्या गजराची ताबेदार झाले. गजर वाजला की त्यांची कूस बदलायची, पाठीची जखम बघायची, नाकातल्या नळीतून पातळ पेज सोडायची, नळी धुवायची. मग ओट्यावर जरा टेकायचं, जवळच्या बिरशी विमानतळावरच्या शिकाऊ विमानांची घरघर ऐकायची, तोवर पुढचा गजर. लोक म्हणत, मोठं पुण्याचं काम करून राहिली. आमच्या ख्रिस्ती धर्मात पुण्याची सोय नाही हे त्यांना कोण सांगणार! तारण कृपेनं मिळतं, कामानं नाही, हे पप्पाच जन्मभर सांगत आले. म्हणजे माझ्या तीन वर्षांच्या धुण्याची वर कुणी दखलसुद्धा घेणार नव्हतं.

पप्पा आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, प्रचारक. नवेगाव बांधच्या अंगाला, तळ्याकाठच्या आणि जंगलातल्या गावांत ते सायकलने फिरायचे. बाप्तिस्मा घ्यायला फारसं कुणी पुढे आलं नाही, पण ज्या घरात कुणी अंथरुणाला खिळलंय ते घर त्यांना नेमकं सापडायचं. एका घरी म्हातारीला गोठ्यात आणून ठेवलं होतं, आता काय, आज ना उद्या जाणारच म्हणून. पप्पांनी तिला अंघोळ घातली, भात कालवून भरवला आणि तिच्या लेकाला चार शब्द सुनावले. घरी येऊन आम्हाला म्हणाले, "श्वास देणारा देव, घेणारा देव. मधे आपण हात घालायचा नाही." हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं की त्याचा मला राग यायचा. साप मात्र ते बिनदिक्कत मारत. माणसाचा जीव पवित्र, सापाचं शास्त्रात, म्हणजे बायबलात, आधीच ठरलेलं आहे, म्हणत.

पप्पांच्या म्हातारपणी ते वाक्य माझ्याच मानगुटीवर बसेल असं वाटलं नव्हतं. कारण नळी म्हणजे मधे घातलेला हात नाही तर काय? आणि ती काढायची म्हटली तर तोही हातच. दोन्हीकडून मीच अडकले होते, आणि ज्यांना विचारायचं ते बोलत नव्हते.

एका शनिवारी सकाळी पप्पांनी डाव्या हाताने ती नळी ओढून काढली. घरी येऊन तपासणारे डॉक्टर आले. त्यांनी नाक, छाती पाहिली आणि मला बाहेर ओट्यावर नेलं. "दीदी, फिर से डालनी है तो डाल देता हूँ. पर सुधार अब नहीं होगा, ऐसे ही चलेगा. नहीं डालनी तो चम्मच से जितना जाए उतना दो. फिर ज़्यादा दिन नहीं निकलेंगे. सोमवार तक सोच लो." माणूस भला होता. सांगताना त्याने घड्याळाकडे पाहिलं नाही.

मी चमच्याने पेज द्यायला गेले तर पप्पांनी दात आवळले. दुपारी आवळले, संध्याकाळीही आवळले. दिवसभरात दोन-चार चमचे पाणी पोटात गेलं असेल. मी अर्थ लावला की त्यांना जायचं आहे. दुसऱ्यांना जन्मभर स्वर्गाची वाट दाखवली, आता स्वतः निघालेत, मी कोण अडवणार? अर्थ माझ्या सोयीचा होता हे मला तेव्हाच कळत होतं. तरी मी तो धरून बसले, कारण मी दमले होते. दमलेल्या माणसाला सोयीचा अर्थ लवकर पटतो.

आमच्या चर्चमध्ये दर रविवारी वडील, म्हणजे मंडळीचे पुढारी, आजारी लोकांची यादी वाचतात. एरवी अंगणात झाडीबोलीत बोलणारा हा माणूस प्रार्थनेला उभा राहिला की थेट शास्त्राच्या मराठीत शिरतो. "हे दयाळू पित्या, तुझ्या या दासाला पूर्ण आरोग्य दे." तीन वर्षं हे ऐकून मी आमेन म्हणत आले. त्या रविवारी पप्पांना सोडून मला उपासनेला जाता येत नव्हतं, आणि घरी बसून माझ्या मनात आलं की आज पुन्हा पूर्ण आरोग्य मागतील आणि शंभर माणसं आमेन म्हणतील. मला ते खोटं सहन होईना. मी मंडळीच्या वडिलांना मोबाईलवर निरोप टाकला, "पप्पांचं नाव आजाऱ्यांच्या यादीतून काढा. आता पुरे."

आमच्या मंडळीत त्या यादीतून नाव दोनच प्रकारे निघतं. एक तर माणूस स्वतःच्या पायांनी वेदीपुढे येऊन बरं झाल्याची साक्ष देतो, नाहीतर पेटीतून येतो. पप्पा चालत येणार नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. मंडळीच्या वडिलांनी तो निरोप वाचला, डोळे पुसले आणि उपदेश मधेच थांबवून जाहीर केलं की आपले प्रचारक प्रभूमध्ये निजले. मला शब्दानेही विचारलं नाही. दुःखाच्या घरी फोन कशाला करायचा, म्हणे.

बाराच्या सुमाराला फाटकाशी माणसं दिसली. पुढे बाया, घरी जाऊन पांढरी लुगडी नेसून आलेल्या, हातात गीतांची पुस्तकं. मागे कबरीवर ठेवायचं झेंडूचं मोठं चक्र धरलेले दोघे आणि मंडळीचे वडील. मला काही कळायच्या आत पहिल्या बाईने मला मिठी मारली आणि म्हणाली, "सुटले माय ते. आन तू बी सुटली."

पुढचं एक मिनिट माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं पाप आहे. मला सगळं कळलं होतं. मी बोलले नाही. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि बाप मेल्यासारखी रडले. किती हलकं वाटलं ते सांगायला लाज वाटते. बाया माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या, कुणी पाणी आणलं, कुणी खुर्ची दिली. तीन वर्षांत मला कुणी खुर्ची दिली नव्हती. मधल्या दाराआड पप्पा जिवंत पडले होते आणि मी बाहेर त्यांच्या मरणाचं रडून घेत होते.

मग गजर वाजला.

"पेजेची वेळ झाली," मी म्हणाले. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. शेजारची बाई गलका ऐकून आली होती. तिने सकाळीच पप्पांना पाहिलं होतं. ती तडक दार ढकलून आत गेली, तिच्यामागे सगळे, आणि चक्र धरलेले ते दोघेही. पप्पा उशांना टेकून डोळे उघडे ठेवून पडले होते.

मंडळीच्या वडिलांचा चेहरा पडला. "ताई, तुमचा निरोप..."

"यादीतून काढा म्हणाले होते. जगातून नाही."

एरवी मी त्यांच्याशी असं बोलले नसते. ते खाली बसले. कबर खणायला माणूस लावला होता, पेटीचंही सांगून झालं होतं, हे त्यांनी हळूच कबूल केलं. मग विचारलं, "मग प्रार्थना तरी कशासाठी करू?"

"बरं करण्यासाठी नको," मी म्हणाले. "ते बरे होणार नाहीत. मी दमले. ते सुटावेत असं मला वाटतं. रोज वाटतं. तेच मागा."

मंडळीत असं कुणी बोलत नाही. शेजारीण म्हणाली, "त्याइच्या समोर काऊन बोलून राहिली बाई? कान आहेत ना त्याइले. आन ते हारबीर आधी बाहेर न्या. जित्या माणसापुढं कायले आणून राहिले?"

ते दोघे वळले, पण चक्र दारात अडकलं. ते आडवं करून बाहेर काढेपर्यंत पप्पा त्याच्याकडेच बघत होते. हजार दफनं केलेला माणूस, असली चक्रं त्यांनी स्वतःच्या हातांनी कबरींवर ठेवलेली. त्यांच्या नजरेत मला शांती दिसली नाही. भीती दिसली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि तोंड उघडलं.

मी पेजेचा चमचा घातला. ठसका लागला, छाती खालीवर झाली, आणि त्यांनी गिळलं. पुन्हा तोंड उघडलं.

त्यांचं स्वर्गातलं स्थान पक्कं होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. तरी त्यांना जगायचं होतं. इथेच, या दोन खोल्यांत, पाठीला जखम घेऊन, माझ्या हातून. मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या मनात आलं ते एवढंच, देवा, अजून किती दिवस?

सोमवारपर्यंत थांबायचं काही कारण उरलं नाही. मी डॉक्टरांना फोन लावला आणि नळी घेऊन या म्हणून सांगितलं. फोन ठेवून वळले, तर पुढच्या चमच्यासाठी पप्पांचं तोंड अजून उघडंच होतं.