घटपर्णीच्या चार काड्या

प्रयोगवहीत निष्कर्ष एका ओळीत मावतो. त्या ओळीमागचे घोटाळे सांगायला बसलं, की चहा दोनदा गरम करावा लागतो! नव्वदच्या दशकात मी शिरूरकडच्या एका ज्युनियर कॉलेजात बायॉलॉजी शिकवायचे, तेव्हाचे हे घोटाळे.

एका माजी विद्यार्थ्यानं बंगळूरहून घटपर्णी आणून दिली. किडे खाणारं झाड! मुलांनी ते फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेलं. मी कौतुकानं कुंडी व्हरांड्यात ठेवली आणि आठवड्याच्या आत शेळीनं ती फस्त केली.

प्यून शब्बीरभाई म्हणाले, "बाई, किडं खाणाऱ्याला बी खाणारं असतंयच की!"

मला रडूच आलं. उरलेल्या खोडाच्या चार काड्या निघाल्या. आता त्या रुजवायच्या कशात?

*

प्राचार्यांनी न्हावरे गावातल्या आपल्या उसाच्या रानातली काळी माती आणली. "बाई, हिच्यात छत्रीची दांडी खोचली तरी पालवी फुटंल!"

पाणी तुंबून पहिली काडी कुजली. छत्री लावून बघायचं धाडस कुणी केलं नाही.

*

दुसरी काडी धुतलेल्या वाळूत लावली. ह्या झाडाला खत अजिबात चालत नाही, हे मी माळी आबांना तीनदा बजावलं. आबांचं घराणं मूळचं मेंढपाळांचं. चौथ्या दिवशी बघते तर वाळूत लेंडीखत!

"आवं बाई, उपाशीपोटी कुणाला मुळ्या फुटत्यात व्हय?"

इतक्या मायेनं त्यांनी काडी मारली, की रागावताही येईना.

*

तिसरी मी स्वतः घालवली. बोअरचं पाणी दिलं, वाळूवर क्षारांचा पांढरा थर आला, काडी वाळली. मग शब्बीरभाईंनी गॅरेजमधून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं.

आबा बाटली न्याहाळत म्हणाले, "आन् वायर कुठं जोडायची?"

*

राहिली एक काडी. पाणी न तुंबणारं, कस नसलेलं काहीतरी हवं होतं. नारळाचा काथ्या चालतो असं वाचलेलं. शब्बीरभाईंनी तो कुठूनसा आणला. आठदा धुतला, बॅटरीच्या पाण्यात भिजवला, काडी लावून वर प्लॅस्टिकची पिशवी बांधली.

दोन महिने मी रोज डोकावत होते. मग कोंब आला, पान आलं आणि पानाच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा घट! अख्खा वर्ग रांगेनं बघायला आला. मला तर नाचावंसं वाटत होतं.

प्राचार्यही आले. भिंगातून बघत म्हणाले, "काथ्या कुठला हो हा?"

शब्बीरभाईंनी मान खाली घातली. "साहेब, तुमच्या जुन्या खुर्चीच्या गादीतला."

प्राचार्यांनी पुन्हा भिंग लावलं, बराच वेळ बघितलं.

"वीस वर्षं बसलोय त्याच्यावर. उगवलं एकदाचं काहीतरी!"