वरच्या मजल्यावरचे शब्द

देवाशी रोज सकाळी मोठ्या आवाजात, आणि तेही शुद्ध मराठीत, वाद घालणारा माणूस अख्ख्या फरीदाबादेत एकच असावा, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर राहत होता. मी केंद्र सरकारच्या नोकरीपायी दिल्लीला आलो आणि दिल्लीतली भाडी ऐकून फरीदाबादेत स्थिरावलो. आमच्या वरच्या मजल्यावर हे काका. मूळचे नगरकडचे, मराठी ख्रिस्ती, पेशाने चित्रकार, आणि आवाज मात्र एखाद्या हेडमास्तरचा. सकाळी चहाचं आधण ठेवावं, तर वरून ऐकू यायचं, "काल तू जे केलंस ते मला पटलेलं नाही. मी गप्प बसतो याचा अर्थ पटलं असा घेऊ नकोस." ही प्रार्थना. तळमजल्यावरच्या आमच्या हरियाणवी घरमालकांनी एकदा काळजीने मला विचारलं, "ये ऊपरवाले अंकल रोज लड़ते किससे हैं?" मी म्हटलं, "ऊपरवाले से." ते सुटकेचा श्वास टाकून म्हणाले, "अच्छा, फिर ठीक है. मैं समझा घरवाली से."

घरवालीशी, म्हणजे काकूंशी, त्यांचं भांडण शक्यच नव्हतं. काकू सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्स. त्या बोलायच्या कमी, आणि काकांना ताप आल्यासारखं वाटलं की कपाळाला हात लावून "काही नाही, चित्र अडलंय," असं निदान करायच्या. ते निदान कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

काकांच्या चित्रांत माणसं नसत, झाडं नसत, येशूही नसे. असत ते शब्द. भल्यामोठ्या कॅनव्हासवर राखाडी, मातकट, काळपट रंगांचे थर आणि त्यांतून धुक्यातून बस यावी तसा वर येणारा एखादा मराठी शब्द. एका पाद्रीसाहेबांनी त्यांना चर्चसाठी प्रभूचं चित्र काढायला सांगितलं, तेव्हा हे म्हणाले, "चेहरा मी पाहिलेला नाही. शब्द ऐकलेत, आईच्या तोंडून. जे ऐकलंय तेवढंच लिहीन." पाद्रीसाहेबांनी शेवटी बाजारातून कॅलेंडर आणलं.

शब्दांबद्दल मात्र माणूस कमालीचा कर्मठ. एकदा 'दीन' लिहायच्या भरात त्यांच्याकडून 'दिन' लिहिलं गेलं, आणि ते चित्र गुडगावच्या एका बाईंच्या दिवाणखान्यात जाऊन टांगलंही गेलं. चूक लक्षात आल्यावर काकांचं जेवणात लक्ष लागेना. अखेर खिशात ब्रश आणि रंगाची ट्यूब घालून ते मेट्रोने गुडगावला गेले आणि त्या बाईंना म्हणाले, "मॅडम, मात्रा ग़लत है. पाँच मिनट." बाईंनी आधी गार्डला बोलावलं आणि मग चहाला विचारलं. मी म्हटलं, "काका, तिथं मराठी कोण वाचणार होतं?" तर म्हणाले, "ज्याच्यासाठी लिहिलंय तो वाचतो. तो चुका माफ करतो हे खरं, पण म्हणून काय करत सुटायचं?"

दिल्लीकर त्यांची मराठी हिंदी म्हणून वाचायचे, हे तर नेहमीचंच. एदेन बागेतून आदाम आणि हव्वेला हाकलून दिलं, त्यावर काकांनी एक काळंकुट्ट चित्र काढलं होतं. त्यात खालच्या कोपऱ्यात दबून गेल्यासारखा एकच शब्द होता, 'शिक्षा'. ते चित्र एका खाजगी शाळेच्या प्रिन्सिपॉलबाईंना फार आवडलं. "शिक्षा! ब्यूटीफुल! यही तो हमारा मिशन है," असं म्हणून त्यांनी ते शाळेच्या प्रवेशद्वारातच लावलं. काका उद्घाटनाला कोट घालून गेले, हार घालून घेतला, आणि घरी येऊन काकूंना म्हणाले, "मराठी अर्थ सांगणार होतो, पण मग मुलांचे चेहरे बघितले. म्हटलं, त्यांना माहीत आहे." काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

तो ठसका मग गेलाच नाही. म्हणजे त्या हसण्यानंच सुरू झाला असं नव्हे, पण आम्हाला आठवतो तो तिथपासून. त्या वर्षी दिवाळीनंतर हवा अशी काही बिघडली की समोरची पाण्याची टाकी दिसेना. काकूंच्या फुप्फुसांनी हळूहळू अंग काढून घेतलं. वर ऑक्सिजनचं मशीन आलं, आणि सकाळच्या वादाऐवजी त्याची घरघर खाली ऐकू येऊ लागली. काकांनी टर्पेंटाइनचे डबे गच्चीवर हलवले, मग भंगारवाल्याला देऊन टाकले. मला जिन्यात गाठून म्हणाले, "हा वास ती इतकी वर्षं घेत आली. डॉक्टर म्हणतात, त्याने काही झालेलं नाही. डॉक्टर काय, म्हणणारच." काकूंनाही हे कळलं असावं. मी भेटायला गेलो तेव्हा त्या तोंडावरचा मास्क बाजूला करून मला म्हणाल्या, "यांना सांगा, मला तो वास आवडायचा." काका खिडकीशी पाठमोरे उभे होते. ते वळले नाहीत.

थंडी सरता सरता काकू गेल्या.

त्यानंतर वरून आवाज येईनासा झाला. ना भांडण, ना प्रार्थना. रविवारी पांढरा शर्ट घालून चर्चला जायला जिना उतरणारे काका दिसेनासे झाले. पाद्रीसाहेब समजूत घालायला आले, तेव्हा काकांनी त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली आणि म्हणाले, "आमचं बोलणं बंद आहे. मधे पडू नका." माझी बायको रोज डबा पाठवायची. काका तो रिकामा करून, घासून परत करायचे, पण दारातूनच.

पुढे पावसाळ्यात त्यांनी पुन्हा काम सुरू केलं. रंगांना हात लावला नाही. कोळसा घेतला आणि कॅनव्हासच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच अक्षर लिहिलं, 'का'. त्यापुढे ना प्रश्नचिन्ह, खाली ना सही. काका म्हणाले, "एवढंच विचारायचंय. उत्तर आलं तर बघू."

एका जुन्या मित्राच्या आग्रहाने ते चित्र दिल्लीतल्या एका लहानशा गॅलरीत लागलं. मी त्यांच्याबरोबर गेलो. लोक यायचे, मान तिरकी करून बघायचे आणि समोशांकडे वळायचे. एक वयस्कर गृहस्थ मात्र शाल सावरत बराच वेळ उभे राहिले. मग अगदी अदबीने काकांना म्हणाले, "सर, 'का' तो लिखा है आपने. लेकिन किसका? आगे कुछ है ही नहीं."

मी मराठी अर्थ सांगायला तोंड उघडलं, तर काकांनी माझ्या दंडावर हात ठेवला. ते स्वतःच्याच चित्राकडे बघत राहिले, जणू ते पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना वाचून दाखवलं होतं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "उसी का."

"अच्छा, उसका," गृहस्थ म्हणाले, चित्राला नमस्कार केला आणि निघून गेले.

परतताना मेट्रोत बदरपूर मागे पडल्यावर काका एकदम म्हणाले, "मी खोटं नाही ना बोललो?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "उत्तर हे नव्हे. ते अजून यायचंय. पण ती फक्त माझीच होती, असं मी धरून चाललो होतो." मग त्यांनी चष्मा काढला आणि स्टेशन येईपर्यंत तो पुसत राहिले.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी त्यांनी आमची बेल वाजवली. पांढरा शर्ट चुरगळलेला होता. "बरोबर येता? एकट्याने आत शिरायला संकोच वाटतो," म्हणाले. मी गेलो. आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. काका बाकाच्या कडेला, त्यांच्या शेजारी एका माणसाची जागा रिकामी, मग मी. हिंदीतलं गाणं सुरू झालं, सगळे उभे राहिले. काका बसूनच राहिले. त्यांचे ओठ हलत होते. ते प्रार्थना करत होते की भांडत होते, मला कळलं नाही, आणि मी विचारलं नाही.

तेवढ्यात उशिरा आलेल्या एक बाई धापा टाकत आमच्या बाकाशी थांबल्या. मधल्या जागेकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "यहाँ कोई है?"

काकांनी त्या जागेकडे पाहिलं. मग सावकाश आपले गुडघे आवरून वाट करून दिली आणि म्हणाले, "नाही. बसा."

बाईंना मराठी येत नसावी. पण त्या बसल्या.