सुलभाताईंनी पायी मोजलेली हद्द

विद्यापीठाच्या बसस्टॉपवर उभी होते तेव्हा सुलभाताईंच्या यजमानांचा, अरविंदकाकांचा, फोन आला. "सुलभा गेली गं. सकाळी, झोपेतच." बस आली, निघून गेली... मी तिथेच उभी. आज दीड महिन्यानंतर लिहायला बसले, तर आठवतंय ते ताईंचं हसणंच.

जपानमधल्या मोठ्या भूकंपानंतरच्या वर्षी, घरच्यांची समजूत घालून, मी पीएचडीसाठी क्योतोला आले. लॅबमध्ये, म्हणजे आमच्या संशोधनगटात, आणखी एक मराठी बाई निघाल्या, वयाने सगळ्यांत मोठ्या. त्याच सुलभाताई. नवऱ्याच्या नोकरीमुळे जपानला आलेल्या आणि मुलं मार्गी लागल्यावर, पन्नाशीत, पुन्हा विद्यार्थिनी झालेल्या. विषय झिंबाब्वेतल्या जमिनींचा. गोऱ्या मालकांच्या अवाढव्य शेतांचा लोकांनी ताबा घेतला, घरं बांधली, मका पेरला. पण मालकीहक्काचा कागद नसल्याने उद्या कोण उठवेल ही धास्ती कायम. "शेत कोण कसतं हे सगळ्या गावाला माहीत असतं," ताई म्हणायच्या, "फक्त कागदाला माहीत नसतं."

तिथे ताई रूडो नावाच्या शेतकरीण बाईकडे राहायच्या. रूडोचा नवरा वारला आणि दीर जमीन मागू लागला, कारण शेत कसण्याचा सरकारी परवाना नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर. ताईंनी शेजाऱ्यांना गोळा केलं, रूडोबरोबर शेताची सगळी हद्द पायी फिरल्या आणि वळणावळणावर शेजाऱ्यांच्या सह्या घेत नकाशा काढला.

"संशोधकाने यात पडावं का, ताई?" मी विचारलं होतं.

"पडू नये. पण मी तिच्या घरी जेवले होते ना."

तो नकाशा घेऊन रूडो दोन वर्षं कचेरीत खेटे घालत राहिली आणि शेवटी परवाना तिच्या नावावर झाला. बातमी आली तेव्हा ताईंनी चालू सेमिनार थांबवला आणि रूडोने शिकवलेला नाच सगळ्यांना करायला लावला. आमचे कधी न हसणारे प्राध्यापक, सेन्सेईसुद्धा, टाय सैल करून, चुकत चुकत, पूर्ण नाचले...

ताईंनी लॅबला एक सवय लावली. प्रकरण लिहून झालं की ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला आधी फोनवर वाचून दाखवायचं, मगच सेन्सेईंकडे द्यायचं. त्यांचं अर्धं राहिलेलं पुस्तक आता मी पूर्ण करतेय. गेल्या आठवड्यात रूडोला फोन लावला आणि शेवटचं प्रकरण वाचू लागले. 'तिच्या अंगणात आंब्याची तीन झाडं आहेत...'

"चार," रूडोने मला थांबवलं. "चौथं सुलभाने लावलंय. यंदा मोहोर आलाय."

मी तीन खोडून चार केलं, आणि पुढे वाचू लागले.