काकांचं पाणी, काकूंचं हरीण

मेश्रामकाका लिफ्टमध्ये भेटले की कशी आहेस, बरी आहेस का, असलं काही विचारायचे नाहीत. "पाणी प्यायलीस का?" हाच त्यांचा नमस्कार. दिल्लीत द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत दूधवाल्यापासून सेक्रेटरीपर्यंत कोणीही त्यातून सुटलं नव्हतं. एकदा पार्किंगवरून दोघांची हमरीतुमरी चालली होती, तेव्हा काका मध्ये शिरून म्हणाले, "पहले पानी पीजिए, फिर लडिए." दोघं मुकाट्याने पाणी प्यायले. नंतर पुन्हा भांडले, ते सोडा.

काका केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, मूळचे वर्ध्याकडचे. त्यांचं दार आमच्या दारासमोर. एका संध्याकाळी ते स्वतःचा स्टीलचा पेला घेऊन आमच्याकडे आले. "सुनीता, पाणी दे गं." मला वाटलं, त्यांच्याकडे पाणी गेलं असेल. ते थेट स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "नळ हळू सोड. आणि बाहेरचं दार लोटून घे." मग उभ्याउभ्याच पेल्यामागून पेले प्यायले. तहानलेला माणूस इतक्या चोरून पाणी पिताना मी कधी पाहिला नव्हता.

मग समजलं. काकू डायलिसिसवर होत्या. दिवसभराचं पाणी त्यांना एका लहानशा भांड्यात मोजून मिळायचं. त्यांच्यासमोर पेला तोंडाला लावणं काकांना जमत नसे. घरातला नळ वाजला तरी काकूंची मान तिकडे वळायची, म्हणून काकांचं सगळं पाणी आमच्याकडे.

काकू शाळेत शिक्षिका होत्या. तिथलं बायकांचं बाथरूम धड नव्हतं, म्हणून सकाळी घरून निघताना घोटभर प्यायच्या ते थेट घरी परतल्यावर. वर्षानुवर्षं हेच. मूत्रपिंडं गेली तेव्हा डॉक्टरांनी इतरही कारणं सांगितली, पण काकांनी हे एकच धरून ठेवलं. "तुझ्या ऑफिसात बाथरूम कसं आहे?" असं त्यांनी मला सगळ्यांदेखत विचारलं होतं. मी लाजेने लाल झाले. ते मात्र उत्तराची वाट पाहत उभे.

काकूंना हवं होतं फक्त मृग नक्षत्राचं हरीण. लहानपणी अंगणात बाजेवर पडून त्या ते बघायच्या. हिवाळ्यात वर येणारी हरणाची चार टोकं, पोटात घुसलेला तीन चांदण्यांचा बाण आणि मागे टपलेला व्याध. "बाण लागलाय, पण पडत नाही बघ ते," असं त्या मला सांगायच्या, जणू घरातल्याच कुणाची गोष्ट. गच्चीचा जिना त्यांना चढवत नसे आणि दिवसाआड डायलिसिस असल्यामुळे दिल्लीबाहेर जाणं अशक्य. म्हणून काकांनी कॅमेरा घेतला. हरीण खाली, तिच्या पलंगापाशी आणायचं.

दिल्लीचा हिवाळा आणि चांदण्या! जेवणाआधी काका माकडटोपी घालून गच्चीत तिवई लावायचे. आभाळाच्या एकाच तुकड्याचे ढीगभर फोटो काढायचे आणि संगणकावर एकावर एक रचायचे. त्याने धूर मागे पडतो आणि तारे पुढे येतात म्हणे. इथे धूरच पुढे यायचा. तरी ते रोज काकूंना दाखवायचे आणि काकू डोळे बारीक करून बघायच्या.

"अहो, हा एक दिसतोय की. छान आहे."

"ते विमान आहे."

"असू दे. छान आहे."

मला राहवेना. "काका, इंटरनेटवरचा एखादा दाखवा ना. काकूंना काय कळणार आहे?"

"तिला नाही कळणार, बिल्कुल खरंय," काका म्हणाले. "पण ती मला विचारेल, आपल्या गच्चीवरून दिसलं का? तेव्हा मी काय बोलू?"

मला त्यांचा रागच आला. वेळ किती उरलाय हे दिसत होतं आणि हा माणूस खरेपणा धरून बसला होता. जानेवारीत धूर इतका दाटला, की समोरची इमारतही दिसेना. काका तरी रोज वर जात राहिले. त्याच धुरात काकू गेल्या. शेवटच्या दिवशीही त्यांनी विचारलं, "आज दिसलं का?" आणि काका म्हणाले, "नाही गं."

फेब्रुवारीत दोन दिवस जोराचा वारा सुटला. ऑफिसातून परतताना मी वर पाहिलं, तर हरीण डोक्यावर लखलखीत उभं. माझा जीव कळवळला. आत्ता कशाला आलं हे? तरी मी काकांचं दार वाजवलं. ते कॅमेरा घेऊन वर आले. एकावर एक रचायची गरजच पडली नाही, पहिल्याच फोटोत सगळं आलं. चारी टोकं, बाण, व्याध.

"सुंदर आलाय, काका."

"हो," ते म्हणाले. "आता काय उपयोग?" आणि त्यांनी कॅमेरा बंद केला.

आम्ही खाली आलो. त्यांच्या दाराला कुलूप होतं, किल्ली त्यांच्या हातात. तरी ते माझ्याकडेच वळले. "पाणी दे गं."

मी पेला धरला आणि नळ सोडला. काकांनी दचकून समोरच्या दाराकडे पाहिलं.

"हळू," ते म्हणाले. "आणि दार लोटून घे."

मी दार लोटून घेतलं.