बाळंतिणीच्या दारात

"चपला काढा. बाळंतिणीच्या दारात आलोय आपण."

कुंभारीच्या वाटेवर माळ लागला की अण्णा असं कुजबुजत आणि स्वतःच्या वहाणा काखेत मारत. वैशाखात माळावर अनवाणी चालणं म्हणजे काय, हे ज्यांना सराटे टोचले आहेत त्यांना सांगायला नको. अण्णा आमच्या कलेक्टर कचेरीतले हेडक्लार्क. तिथे त्यांच्या बुटांचा आवाज आला की रिकामी माणसंही लिहू लागत. माळावर त्यांच्या पायाखाली काडी मोडत नसे.

रविवारी पहाटे ते शुक्रवार पेठेत माझ्या खिडकीखाली येऊन खाकरत. टिटवीची पिल्लं मला त्यांनीच दाखवली. आई ओरडली की पिल्लं जमिनीला चिकटून खडे होऊन जात. आई मात्र थेट अण्णांच्या पगडीवर झेप घेई.

"बघा," ते पगडी सावरत खुशीत म्हणत, "हिला हेडक्लार्क कळत नाही आणि कलेक्टरही कळत नाही. अशी एक बाई कचेरीत पाहिजे."

त्या वर्षी माळढोक सापडली. कमरेएवढी उंच पक्षीण, आणि संसार काय, तर उघड्या मातीतल्या खळग्यात एकच अंडं. आम्ही तरवडाच्या झुडपाआडून पाहायचो. भर उन्हात चोच उघडी टाकून ती बसलेली असे.

"कुणाला बोलायचं नाही," अण्णांनी बजावलं. "बायकोलासुद्धा नाही."

"ती अंडी खात नाही, अण्णा."

"शपथ घ्या."

दोन मुलांचा बाप असलेल्या मी माळावर उभं राहून शपथ घेतली.

पुढच्या रविवारी खिडकीखाली कुणी खाकरलं नाही. पिल्लू आज-उद्या निघेल म्हणून मी एकटाच गेलो. मध्यंतरी वळवाची सर पडून गेली होती. माती अजून ओलसर होती. माळढोक उभी होती. चार पावलं जाई, पुन्हा खळग्याशी येई. खळगा रिकामा होता.

मेंढरं राखणारी म्हातारी दुरून ओरडली, "अंडं बगताय व्हय? ते काल तुमच्या कचेरीच्या गोऱ्या सायबानं नेलं की. कापसात गुंडाळून, लई जपून!"

"त्याला दाखवलं कुणी?"

"मला काय ठावं? मी लांब हुते."

मी खाली पाहिलं. साहेबाच्या खिळेदार बुटांचे ठसे तरवडापासून खळग्यापर्यंत गेले होते. त्यांच्या शेजारून अनवाणी पावलं गेली होती.

सोमवारी मी अण्णांच्या टेबलापुढे उभा राहिलो.

"साहेब जाणकार आहेत," ते फायलीत बघत म्हणाले. "अंडं विलायतेच्या म्युझियमात जायचंय." मग जरा थांबून, "रावसाहेब किताबासाठी नावं याच महिन्यात वर जातात."

"पिल्लू निघायला आलं होतं, अण्णा."

"मी साहेबांनाही बूट काढायला सांगितलं," ते म्हणाले. "ते हसले."

किताब आला नाही. साहेबाचं आभाराचं पत्र आलं, ते काचेत घालून अण्णांच्या घरी भिंतीवर लागलं. खिडकीखालचं खाकरणं बंद झालं. मीही कधी खिडकीतून डोकावलो नाही.

अण्णा गेले, तेव्हा भेटायला गेलो. साहेबाचं पत्र भिंतीवरच होतं. त्यात अंड्याच्या रंगाची तारीफ होती. पक्षिणीबद्दल अक्षर नव्हतं.

वहिनी म्हणाल्या, "पेन्शनीत निघाल्यापासून वैशाख लागला की पहाटेच बाहेर पडायचे, अनवाणी. पाय सराट्यांनी भरून यायचे. कुठं जायचे, कधी बोलले नाहीत. तुम्हाला ठाऊक असेल."

"नाही, वहिनी," मी म्हणालो.

माझी शपथ अजून शाबूत होती.